घेताना एक कुडव, देताना दुसरा!



तुमच्या आजोबांना दोन कुडव ठेवणारा भाटकार ठाऊक होता. खळ्यावर खंड घ्यायला बसला की मोठा कुडव पुढे यायचा. आषाढात अडलेल्या कुळाला भात उसने द्यायची वेळ आली की माजघरातून दुसरा, लहान कुडव बाहेर यायचा. नाव दोघांचे एकच. म्हणून तर फसवणूक चालून जायची. कुळाने तोंड उघडलेच तर भाटकार म्हणायचा, "अरे, वीस कुडवांची खंडी! घेताना वीस, देताना वीस. मग तक्रार कसली?"

पुढे कूळ कायदा आला. १९७६ साली त्याला पाचवी दुरुस्ती झाली आणि कसणारा जमिनीचा मालक ठरला. तो मोठा कुडव माळ्यावर गेला. पण कोणी तो मोडला नाही! आज तो दुसऱ्या कामाला लागला आहे. आता त्याने भात मोजत नाहीत, लोकांची आंदोलने मोजतात. आपल्या माणसाने रस्ता अडवला की लहान कुडव, दुसऱ्याने अडवला की मोठा. आपला तो "जनतेचा उद्रेक", दुसऱ्याचा तो "धुडगूस". आपला तो "पोटाचा प्रश्न", दुसऱ्याचे ते "कारस्थान".

ह्या दोन कुडवांविषयी आज चार शब्द लिहायचे आहेत. तेही दुसऱ्याकडे बोट दाखवून नव्हे. आधी माझीच चोरी सांगतो.

मासळीवालीने विचारलेला प्रश्न

काही वर्षांपूर्वी पारंपरिक मच्छीमार एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध पणजीत धडकले. समुद्रात जनरेटर लावून, झगझगीत दिवे पाण्यावर सोडून लहानमोठी सगळी मासळी एका जागी गोळा करायची आणि उपसून न्यायची, असा तो धंदा. केंद्र सरकारने २०१७ च्या नोव्हेंबरात त्यावर बंदी घातली. पण कागदावरची बंदी समुद्रात पोचत नाही, ही मच्छीमारांची तक्रार होती. त्याच दिवशी मला परीक्षेच्या कामासाठी पणजीला जायचे होते. मोर्चामुळे वाहतूक खोळंबली, बस दोन तास उन्हात उभी राहिली, आणि उशिरा पोचलो म्हणून वरिष्ठांचे बोलणे खावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीची मासळीवाली दारात आली. तिच्यासमोरच मी तोंडसुख घेतले. "ह्या लोकांना उद्योग नाही. रस्ता काय ह्यांच्या बापाचा? धरून आत टाकायला हवे!"

तिने टोपली खाली उतरवली, पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "मास्तर, पगारासाठी तुमचा संप झाला तेव्हा माझा मुलगा घरी बसला. दहावीचे वर्ष त्याचे. शेजारणी तुम्हाला शिव्या देत होत्या. मी म्हटले, मास्तरांनाही पोट आहे. आता सांगा, तुम्ही बसलात तो संप आणि आम्ही बसलो ती दांडगाई? हा न्याय खंयचा?"

मी बांगडे घेतले, पैसे दिले. उत्तर देता आले नाही. तीस वर्षे मुलांना गणित शिकवले, पण दारातल्या बाईने माझ्या गणितातली चूक दाखवली. तिला द्यायचे राहिलेले उत्तर आज ह्या पानावर लिहितो आहे.

"लोकांचे हाल होतात हो!"

आंदोलनावरचा पहिला आक्षेप हाच असतो. आक्षेप खोटा नाही. रस्ता अडला की रुग्ण अडतो, परीक्षेला निघालेले पोर अडते, रोजंदारीवाल्याचा दिवस बुडतो. पण हा आक्षेप कोणाला लावला जातो आणि कोणाला माफ होतो, हे पाहा.

२०१८ सालचा मार्च महिना आठवा. ६ मार्चला नाशिकहून शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईला निघाला. सुरगाण्याचे, पेठचे आदिवासी शेतकरी, पुष्कळशा म्हाताऱ्या बाया, सुमारे १८० किलोमीटरची पायपीट. वन हक्क कायद्याखाली कसत्या जमिनी नावावर करा, ही त्यांची मुख्य मागणी. ११ मार्चला ते मुंबईत पोचले. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांची वाट अडू नये म्हणून दिवसभर चाललेली ती माणसे रात्री पुन्हा उठली आणि पहाटेपूर्वी शीवहून आझाद मैदानात जाऊन बसली. मी मास्तर आहे. तीन दशके परीक्षा पाहतो आहे. परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी आपली झोप मोडणारे पुढारी मला फारसे भेटलेले नाहीत. तळपायांची सालडी निघालेल्या ह्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या माणसांनी ते केले. मुंबईच्या लोकांनी त्यांना खायला दिले, चपला दिल्या. आणि तरीही एका खासदाराला त्यांच्यात शहरी माओवादी दिसले!

त्यानंतर आठवड्याने, १९ मार्चला, आपल्या पणजीत काय झाले? सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारीला ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले होते आणि १६ मार्चपासून खाणी बंद झाल्या होत्या. खाणीवर पोट असलेली माणसे पणजीत उतरली आणि मांडवीच्या पुलांवरची वाहतूक ठप्प झाली. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. त्या दिवशी बड्या घरांतून एकच सूर ऐकू येत होता, "समजून घ्या हो, हा त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे."

प्रश्न पोटाचा होताच! कर्ज काढून ट्रक घेतलेल्या माणसाचे हप्ते न्यायालयाचा निकाल पाहून थांबत नाहीत. त्याचे दुःख मी खोटे म्हणत नाही. माझे विचारणे एवढेच आहे की २०११ साली केपे तालुक्यातल्या कावरे गावच्या आदिवासी शेतकऱ्यांनी खनिजाचे ट्रक अडवले, तेव्हा हा समजूतदारपणा कुठे निजला होता? त्यांना तर पोलिसांच्या गाड्या भरभरून नेले. शेतात खाणीचा लाल गाळ उतरला, झऱ्याचे पाणी आटले, हा पोटाचा प्रश्न नव्हता काय? खाणीचा ट्रक बंद पडला तर पोट, आणि शेत बंद पडले तर विकासाला विरोध? एकाच खाणीच्या दोन बाजूंना उभी असलेली ही दोन माणसे, दोघांनीही रस्ताच अडवला. कुडव मात्र दोन निघाले.

आणि रस्ते काय फक्त आंदोलकच अडवतात? कार्निव्हालची मिरवणूक, शिगम्याचे चित्ररथ, बड्या पाहुण्याचा ताफा, आमच्या गावची जत्रा! आमच्या देवळाच्या जत्रेला तर सगळी वाहतूक फिरवतात आणि आम्ही कौतुकाने सांगतो, "यंदा केवढी गर्दी होती!" उत्सवासाठी दोन तास थांबणारा माणूस भाविक किंवा रसिक ठरतो. मग आपल्या शेजाऱ्याच्या पोटासाठी दोन तास थांबलो तर आपल्याला काय झिजते?

दिल्लीच्या वेशीवरचे उदाहरण याहून बोलके आहे. २६ नोव्हेंबर २०२० ला पंजाब-हरियाणाचे शेतकरी दिल्लीकडे निघाले तेव्हा वाटेत रस्ते खणले कोणी? पोलिसांनी. थंडीत पाण्याचे फवारे मारले कोणी? पोलिसांनी. पुढे सिमेंटचे ठोकळे रचले, रस्त्यात लोखंडी खिळे ठोकले, तेही पोलिसांनीच. शेतकऱ्यांना दिल्लीत जायचे होते. त्यांना वेशीवर अडवले आणि मग वर्षभर ओरड झाली की शेतकऱ्यांनी रस्ता अडवला!

त्या वर्षाचा हिशेब कसा ठेवला गेला तेही पाहा. २०२१ च्या हिवाळी अधिवेशनात संसदेत सांगण्यात आले की आंदोलनामुळे टोलचे २,७३१ कोटी रुपये बुडाले. त्याच अधिवेशनात विचारले गेले, आंदोलनात दगावलेल्या शेतकऱ्यांना भरपाई देणार काय? उत्तर आले, मृत्यूंची आमच्याकडे नोंद नाही. संघटना सातशेहून अधिक माणसे गेल्याचे सांगत होत्या. तो आकडा कोणी मानो वा न मानो, पण टोलचा हिशेब नीट मांडता येतो आणि माणसांचा येत नाही, ह्याचा अर्थ ओळखायला शाळेत जावे लागत नाही.

"ह्यांच्यामागे कोणीतरी आहे!"

हा दुसरा आक्षेप. गरीब माणूस स्वतःच्या डोक्याने रागावूच शकत नाही, अशी ह्या मंडळींची पक्की समजूत. शेतकरी गप्प बसला तर समाधानी, ओरडला तर कोणीतरी चिथावलेला! ८ फेब्रुवारी २०२१ ला पंतप्रधानांनी राज्यसभेत "आंदोलनजीवी" हा नवा शब्द काढला. दिल्लीच्या वेशीवर कोणी पिझ्झा वाटला तर चर्चा झाली की हे कसले शेतकरी, पिझ्झा खातात! गहू पिकवणाऱ्याने गव्हाची भाकरीच खावी, तीही वाळलीच खावी, म्हणजे तो खरा शेतकरी! धनिकाच्या लग्नात हजार पाने उठली तर पैसा कुठून आला असे कोणी विचारत नाही. आंदोलकाच्या पंगतीत मात्र डाळीला फोडणी कोणाच्या तेलाची, याची चौकशी होते.

आपल्या रापणकारांनाही हे सारे ऐकावे लागले आहे. सरकारी मदतीने ट्रॉलर आले. ते घेणाऱ्यांत, ज्यांच्या घरात कधी जाळे विणले गेले नव्हते असे भांडवलवालेही होते. ते किनाऱ्याला खेटून मासळी खरवडू लागले. रापणी रिकाम्या येऊ लागल्या. सत्तरीच्या दशकात रापणकार एकवटले, त्यांनी मोर्चे काढले, उपोषणे केली. त्यांच्यापुढे उभा राहिला एक शाळामास्तर, मातान्ही साल्ढाणा. लगेच कुजबुज सुरू झाली, "मास्तराला माशातले काय कळते? ह्याचा डाव काय?" ज्या भांडवलवाल्याने आयुष्यात रापण ओढली नाही त्याला ट्रॉलर घ्यायला कोणी विचारले नाही की तुला माशातले काय कळते!

"बाहेरचे" हा ह्याच आक्षेपाचा भाऊ. आंदोलनात परगावचा माणूस दिसला की "बाहेरचे येऊन भडकवतात." मग मला सांगा, १८ जून १९४६ ला मडगावात सभाबंदी मोडणारे राममनोहर लोहिया कुठले? ते उत्तर प्रदेशातले! असोळण्याला डॉ. ज्युलियांव मिनेझिस ह्या मित्राकडे पाहुणे म्हणून आलेले. पोर्तुगीजांनी त्यांना पकडले आणि परका म्हणून हद्दीबाहेर घालवले. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या हद्दीत शिरून गोळ्या खाणारे सत्याग्रही कुठले? बहुतेक बाहेरचेच! तेव्हा आपण "बाहेरचे" म्हटले नाही, "आपले" म्हटले. उपकार घेताना लहान कुडव आणि आरोप करताना मोठा, असे करू नका.

एक दगड आणि एक लाख माणसे

तिसरा आक्षेप हिंसेचा. हा आक्षेप मी हलका समजत नाही. दगड मारणे, बस जाळणे, गरिबाचे दुकान फोडणे हे पाप आहे, आणि ते कोणीही केले तरी पापच. पण एका दगडावरून सगळ्या जमावाला गुन्हेगार ठरवायचे की नाही, ह्याचा नियम एकदा ठरवा आणि मग तो बदलू नका.

२६ जानेवारी २०२१ ला ट्रॅक्टर मिरवणुकीतला एक गट लाल किल्ल्यात शिरला, पोलिसांशी झटापटी झाल्या. दोन महिने थंडीत शांतपणे बसलेल्या माणसांना त्या एका दुपारी "देशद्रोही" हा शिक्का बसला. आमच्या गावच्या चहाच्या दुकानात एक सद्गृहस्थ तेव्हा म्हणाले होते, "थोडक्यांनी केले असेल, पण जबाबदार सगळेच!" बरे, मान्य करू. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरीला निदर्शने करून परतणाऱ्या शेतकऱ्यांवर गाडी घातली गेली. त्या प्रकारात आणि नंतरच्या मारहाणीत मिळून आठ माणसे मेली. एका केंद्रीय राज्यमंत्र्याच्या मुलावर आरोप ठेवला गेला. तेच सद्गृहस्थ त्याच बाकावर बसून म्हणाले, "एखाद्याने केले म्हणून सगळ्यांना कसा दोष द्याल? न्यायालयाला ठरवू द्या."

अगदी बरोबर! न्यायालयाला ठरवू द्या. हे वाक्य सोन्याचे आहे. फक्त ते जानेवारीतही म्हणायला हवे होते.

"सनदशीर मार्गाने जा"

चौथा उपदेश हा. अर्ज करा, निवेदन द्या, कचेरीत जा, रस्त्यावर कशाला? जणू काही रस्त्यावर येणाऱ्याने ते केलेच नव्हते! बांधवांनो, मानशीचे दार मोडले म्हणून खाजनात खारे पाणी शिरते तेव्हा तुम्ही काय करता? आधी अर्जच करता. त्यावर "पाहणी करून अहवाल सादर करावा" असा शेरा पडतो. अहवाल येईपर्यंत दोन पावसाळे जातात आणि शेतात मीठ बसते. रस्त्यावर येणे ही माणसाची पहिली पायरी नसते, शेवटची असते.

आणि सनदशीर मार्गाचा उपदेश करणारे स्वतः तो किती पाळतात? ते तीन शेती कायदे जून २०२० मध्ये, टाळेबंदीची झळ चालू असताना, वटहुकूम काढून आणले. २० सप्टेंबरला राज्यसभेत विरोधक मतविभाजन मागत असताना गोंधळात आवाजी मतदानाने दोन विधेयके संमत झाली. शेतकऱ्याशी आधी बोलणे नाही, सभागृहात डोकी मोजणे नाही, आणि शेतकऱ्याला मात्र धडा की चर्चेने प्रश्न सोडवावेत! अखेर वर्षाने, १९ नोव्हेंबर २०२१ ला, कायदे मागे घेत असल्याचे पंतप्रधानांना जाहीर करावे लागले आणि २९ तारखेला संसदेने ते रद्द केले. कायदे चांगले होते की वाईट, ह्यावर जाणत्या माणसांत आजही मतभेद आहेत. तो वाद मी आज उकरत नाही. पण "सनदशीर" ही जोखड फक्त बैलाच्याच मानेवर ठेवायची आणि गाडीवानाने मोकळे फिरायचे, हे कोणत्या सनदेत लिहिले आहे?

मेलेला आंदोलक पूज्य, जिवंत आंदोलक उपद्रवी

ह्या सगळ्यात मला सर्वांत जास्त चीड येते ती एका गोष्टीची. जुन्या आंदोलनाला फुले वाहायची आणि आजच्या आंदोलनाला शिव्या द्यायच्या!

दर वर्षी १८ जूनला क्रांतिदिन साजरा होतो. बंदी मोडून बोलणाऱ्या लोहियांचा गौरव होतो, भाषणे होतात, शाळांतून मुले नेली जातात. मीही नेतो. आणि १९ जूनला कोणी परवानगीशिवाय चौकात उभा राहिला तर त्याच व्यासपीठावरची माणसे म्हणतात, "कायदा हातात घेऊ नका!"

पोंडा तालुक्यातल्या आम्हा लोकांना केरीच्या पठाराची गोष्ट ठाऊक आहे. तिथे नायलॉन ६,६ चा कारखाना यायचा होता. पठाराच्या पायथ्याला झरे, झऱ्यांवर कुळागरे. पाणी बिघडेल म्हणून लोक उठले. "विकासाचे शत्रू," "नोकऱ्या घालवणारे" अशी विशेषणे त्यांना मिळाली. १९९५ च्या जानेवारीत पोलिसांच्या गोळीने एक तरुण ठार झाला. मी तेव्हा पंचविशीत होतो, नुकताच शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन नोकरीला लागलेलो. त्या गोळीची बातमी आमच्या गावात पोचली तेव्हा पडलेली शांतता मला अजून आठवते. अखेर कारखाना गोव्यात आला नाही. आज त्याच केरी-सावईच्या मसाल्याच्या बागा पाहायला देशोदेशीचे पर्यटक येतात, आणि "हिरवा गोवा" म्हणून त्यांच्या जाहिराती होतात. त्या पाण्यासाठी शिव्या खाल्लेल्यांची आठवण त्या जाहिरातींत कुठे आहे?

रापणकारांचेही तसेच. पावसाळ्यात मासळी अंडी घालते, तेव्हा ट्रॉलर बंद ठेवा, किनाऱ्यालगतची पट्टी लहान मच्छीमाराला राखा, असे ते म्हणत होते. तेव्हा ते प्रगतीच्या आड येणारे ठरले. १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा त्या लढ्यातून आला. आज १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते आणि सरकार अभिमानाने सांगते की आम्ही मत्स्यधन राखतो! विद्यार्थ्यांचे १९७८-७९ चे बसभाड्याचे आंदोलन घ्या. त्यातून अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली. त्या अर्ध्या तिकिटावर शिकून साहेब झालेले आमचे कितीतरी विद्यार्थी आज गाडीच्या काचा वर करून म्हणतात, "ह्या पोरांना अभ्यास नको, मोर्चे हवेत!"

आणि आपण?

आता अवघड जागेवर येतो. हे पान मराठीसाठी झटणाऱ्यांचे. पुढे लिहितो ते काहींना कडू लागेल. पण घरातला कुडव न तपासता दुसऱ्याचा तपासायला जाणारा मास्तर मला व्हायचे नाही.

डिसेंबर १९८६. राजभाषेचा वाद पेटलेला. मी अकरावीत होतो. आमच्या नाक्यावर मराठीच्या बाजूने माणसे रस्त्यात बसली होती, त्यांत माझे काका होते. आईने दिलेला चहा मी त्यांना नेऊन दिला. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि त्याची मला आजही लाज नाही. पण त्याच संध्याकाळी दुसऱ्या गावात कोकणीच्या बाजूने रस्ता अडवल्याची बातमी आली, तेव्हा काका म्हणाले, "दंगेखोर लेकाचे!" आणि मीही मान डोलावली. तिकडेही कोणाचा तरी काका बसला असेल, कोणीतरी पोर त्याला चहा घेऊन गेले असेल, हे माझ्या मनातही आले नाही. त्या दिवसांत माणसे मेली, घरेदारे जळाली. ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा झाला. त्यात मराठीवर अन्याय झाला असे मी तेव्हा म्हणत होतो आणि आजही म्हणतो. पण आपल्या बाजूचा मेला तर हुतात्मा आणि त्यांच्या बाजूचा मेला तर "दंगलीत सापडला", ही भाषा आपणही वापरली. त्यांनीही वापरली. दोघांच्याही माळ्यावर दोन दोन कुडव होते.

मुंबईतल्या हुतात्मा चौकापुढे आपण मान लववतो. संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या झेललेल्यांनी बंदीहुकूम मोडलेच होते. त्यांना मान द्यायचा असेल, आणि द्यायलाच हवा, तर ज्याची मागणी आपल्याला पटत नाही अशा माणसाचाही रस्त्यावर येण्याचा हक्क मानावा लागेल. मागणी नाकारा, पण हक्क नाकारू नका. तेवढे मन आपल्याला करता येत नसेल तर चौकात वाहिलेली फुले नुसती सजावट.

नावे बदलून पाहा

मग आंदोलनावर टीका करूच नये काय? अवश्य करावी! मागणी खोटी असेल तर खोटी म्हणा. रुग्णवाहिकेला वाट दिली नाही तर खडसावा. गरिबाच्या गाड्याला काडी लावली तर पोलिसांत द्या. पुढाऱ्याने लोकांना रस्त्यावर बसवून मागच्या दाराने सौदा केला तर त्याचे नाव चव्हाट्यावर मांडा. टीका हवीच. फक्त कुडव एक हवा.

तो ओळखण्याची खूण मी शाळेत शिकवतो तीच. गणितात लिहिलेले असते, रामाने वीस आंबे घेतले, गोविंदाला पाच दिले, उरले किती? उत्तर पंधरा. आता रामाच्या जागी पेद्रू घाला, गोविंदाच्या जागी अब्दुल घाला. उत्तर पंधराच! नाव बदलल्यावर उत्तर बदलत असेल तर समजावे की मुलाने बेरीज-वजाबाकी केलीच नाही, त्याने नाव पाहून उत्तर लिहिले.

उद्या तिंट्यावर, बंदराच्या धक्क्यावर कोणी एखाद्या आंदोलनाला शिव्या देऊ लागला की त्याला हेच करायला सांगा. म्हणावे, "रस्त्यावर तुझ्या जातीची, तुझ्या भाषेची, तुझ्या पक्षाची माणसे बसली आहेत असे धर. आता पुन्हा बोल." शब्द तेच राहिले तर त्याची टीका खरी, ती मानून घ्या. शब्द बदलले तर त्याला सांगा, आधी माळ्यावरचा दुसरा कुडव खाली उतरव. आणि स्वतः बोलायच्या आधी स्वतःलाही तेच विचारा.

माझ्या दारात आजही ती मासळीवाली येते. परवा तिला म्हटले, "बाय, तुझे खरे होते. तुमचे बसणे आणि आमचे बसणे एकच." ती हसली. "मग मास्तर, पुढच्या खेपेला मोर्चात याल?" मी म्हटले, "मागणी मला पटली तर येईन. नाही पटली तर घरी बसेन, पण दांडगाई म्हणणार नाही."

तिने टोपली डोक्यावर घेतली. "तेवढे केलेत तरी पुष्कळ," म्हणाली आणि पुढच्या दारी गेली.